२२ हजारांचं हातातलं जीपीएस, दीड वर्ष वापरून झाल्यावर

पार्सल घरी आलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "फोनमध्ये फुकट आहे तेच २२ हजार देऊन आणलंत?" आणि खरं सांगतो, पहिले तीन महिने माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आता दीड वर्ष होत आलं, यंत्र तीन-चारदा आपटलं, एकदा पाण्यात पडलं, एक अख्खा पावसाळा खाल्ला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही, नाव टाकलं की लोक कंपनीवरून भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला, आणि तसंही या प्रकारच्या यंत्रांचे गुण आणि खोडी बऱ्याचशा सारख्याच असतात.

तर हे आहे हातात धरायचं जीपीएस, ट्रेकवाल्यांकडे असतं तसलं. साबणाच्या वडीएवढं पण जाड, दोन पेन्सिल सेलवर चालतं, टचस्क्रीन नाही, बाजूला बटणं आणि समोर एक इवलीशी जॉयस्टिक. गाडीच्या काचेला चिकटवायचं बोलणारं जीपीएस वेगळं, ते आता कोणी घेत नाही आणि घेऊही नये. मला सापुतारा, पेठकडचा सावळ घाट, बागलाणातले किल्ले असं महिन्यातून एकदा तरी बाहेर पडायची सवय आहे आणि तिकडे फोनची बॅटरी आणि रेंज दोघी एकदमच मान टाकतात, म्हणून घेतलं.

आता पहिला धक्का. डबा उघडला, सेल टाकले, गच्चीवर गेलो, दोन-तीन मिनिटांत सॅटेलाईट पकडले, स्क्रीनवर मी दिसतोय आणि माझ्याभोवती काहीच नाही. पांढरं. लांबवर एक रेघ होती ती बहुतेक मुंबई-आग्रा हायवे, आणि नाशिक म्हणून एक ठिपका. मला वाटलं पीस खराब आलाय. मग कळलं की यंत्राबरोबर जो नकाशा येतो तो अख्ख्या जगाचा असतो पण नावापुरता, मोठे रस्ते मोठी शहरं बस, गल्लीबोळ आणि पायवाटा हव्या असतील तर नकाशा वेगळा विकत घ्या नाहीतर स्वतः जमवा. दुकानाच्या जाहिरातीत मात्र हिरवागार डोंगर, नागमोडी वाट, सगळं दाखवलेलं. म्हणजे २२ हजार रिकाम्या पाटीचे, खडू तुमचा तुम्ही आणा.

खडू फुकट मिळतो ही चांगली गोष्ट. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगभरातल्या लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे, तो या यंत्रांना चालेल अशा फाईलमध्ये करून देणाऱ्या साईट आहेत, भारताची फाईल उतरवायची, मेमरी कार्डावर योग्य फोल्डरमध्ये टाकायची आणि कार्ड आत सरकवायचं. काम अर्ध्या तासाचं. मला लागले चार दिवस, कारण कॉम्प्युटरला जोडायची केबल डब्यात नव्हती आणि याला लागते मिनी यूएसबी, म्हणजे फोनला पूर्वी लागायची ती मायक्रो नव्हे आणि आताची सी पण नव्हे, त्याच्याही आधीची. एमजी रोडला सहा दुकानं फिरलो. प्रत्येकाने "आहे ना सर" म्हणून मायक्रो काढून दिली. सातव्याने ड्रॉवर उपसून जुन्या कॅमेऱ्याची एक केबल काढली, फुंकर मारली आणि पन्नास रुपये घेतले. ती अजून चालतेय. नवीन मॉडेलांना सी आलंय म्हणे, घेणार असाल तर हे आधी बघा.

नकाशा टाकल्यावर शहरात ट्रायल घेतली. इथे सरळ नापास. संध्याकाळी साडेसहाला पाथर्डी फाट्यावरून पंचवटीत जायचं तर यंत्राने अगदी ठामपणे द्वारका सर्कलवरून नेलं. संध्याकाळी द्वारकेला काय असतं ते नाशिककराला सांगायला नको, पण या बिचाऱ्याला ट्रॅफिक हा प्रकारच माहीत नाही, त्याला इंटरनेटच नाही तर कळणार कुठून. वर सिंहस्थाची कामं, आज हा रस्ता बंद उद्या तो, फोनवाला नकाशासुद्धा गोंधळतो तिथे कार्डावर गोठवलेल्या नकाशाचं काय घेऊन बसलात.

जुन्या नाशकात तर अजून मजा. दहीपुलावरून सराफ बाजाराकडे पायी निघालो यंत्र हातात धरून (लोक बघत होते, एकाने विचारलं पण की महापालिकेचं मोजमाप आहे का, रुंदीकरण निघालंय का). बोळ अरुंद, दोन्ही बाजूला वाडे आणि नव्या बिल्डिंगी, आकाश म्हणजे वर एक पट्टी. सॅटेलाईटचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला वाटतं आपण तेवढे लांब आहोत. मी सराफ बाजारात होतो तर स्क्रीनवर शेजारच्या बोळातल्या घरांतून चाललो होतो, भिंतीतून आरपार. हा दोष या यंत्राचा नाही, फोनचंही तेच होतं, फक्त फोन चलाखी करून तुम्हाला जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतो म्हणून कळत नाही.

समृद्धीची गोष्ट पण सांगायला हवी. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि आम्ही पुढच्याच महिन्यात ठाण्याला गेलो त्यावरून. माझ्या कार्डावरचा नकाशा त्याच्या आधीचा. यंत्राच्या मते मी शंभरच्या स्पीडने भाताच्या खाचरांतून, ओढ्यातून, डोंगरावरून चाललो होतो आणि ते दर अर्ध्या मिनिटाला सांगत होतं की बाबा मागे फिर, जवळच्या रस्त्यावर जा. मग आला इगतपुरीचा बोगदा, जवळपास ८ किलोमीटरचा, तिथे सिग्नल गेला आणि यंत्र गप्प झालं. मेव्हणा मागे बसला होता, म्हणाला, "दाजी, आता कसं शांत वाटतंय." नकाशा दोन-तीन महिन्यांनी नवा उतरवून टाकायचा ही शिस्त तेव्हापासून लागली.

स्पेलिंगचा त्रास वेगळाच. एखादं गाव शोधायचं तर जॉयस्टिकने एकेक इंग्रजी अक्षर निवडायचं. आता त्र्यंबकेश्वर टाइप करा. टी-आर-आय का टी-आर-वाय, पुढे एम आहे का एन, नकाशावर ज्या कोणी नाव लिहिलं त्याच्या मनात त्या दिवशी जे आलं ते. आणि जिथे नाव फक्त देवनागरीत लिहिलंय तिथे या यंत्राला अक्षरंच येत नाहीत, चौकोन दाखवतं. सुरगाण्याकडे एका पट्ट्यात सगळी गावं चौकोन, चौकोन, चौकोन. मी आता शोधाशोध करतच नाही, घरीच कॉम्प्युटरवर नकाशावर टाचण्या मारून जीपीएक्स फाईल (जागा आणि वाटा साठवायची फाईल) करतो आणि यंत्रात टाकतो. ज्यांना एवढा कुटाणा नको त्यांनी हे घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं वाचून वाटेल मग ठेवलंय कशाला. तर आता साल्हेर.

ऑगस्टमधला शनिवार, आम्ही चौघं, पहाटे चारला निघून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत वाघांब्याला पोचलो. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यामुळे एरवीपेक्षा गर्दी असेल वाटलं होतं, पण पाऊस एवढा की आमच्याशिवाय कोणी नाही. गावात चहा घेताना चहावाल्या काकांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "उंची सांगतं का हे? मग आमचा साल्हेर कळसूबाईपेक्षा किती कमी?" कळसूबाई १६४६, म्हटलं ७९ मीटर. काका जरा विचारात पडले, म्हणाले, "एवढंच? मग वर एक टॉवर बांधला की झालं."

वाघांब्याच्या बाजूने साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढायचं आणि तिथून दरवाजे, पायऱ्या करत माथ्यावर. गंगासागर तलावापाशी पोचेपर्यंत ठीक होतं, वर परशुरामाच्या देवळापाशी गेलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. दोन फोन पावसाने बंद, तिसऱ्याचा टच ओल्या बोटांनी काम करेना, तो आपोआप कोणालातरी कॉल लावत होता. रेंज तर नव्हतीच. आणि इथे एक गैरसमज काढून टाकतो, रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही असं नसतं. जीपीएसचे सॅटेलाईट वीस हजार किलोमीटर वरून फिरत असतात आणि आपलं यंत्र फक्त ऐकतं, कोणाला काही पाठवत नाही, चार सॅटेलाईट नीट ऐकू आले की जागा कळते. फोनमध्येही तेच आहे. फोन रेंजमध्ये असताना नेटवरून कुठला सॅटेलाईट कुठे आहे याची माहिती आधीच घेऊन ठेवतो म्हणून पटकन जागा सांगतो, रेंज नसली की त्याला ती माहिती सॅटेलाईटकडूनच ऐकत बसावं लागतं म्हणून वेळ लागतो, आणि नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसला की नुसता निळा ठिपका दिसतो कोऱ्या पडद्यावर. साल्हेरवर फोन हरला तो जीपीएसमुळे नाही, पाण्यामुळे.

उतरायचं ठरलं. आता साल्हेरची गंमत अशी की वरून दोन बाजूंना वाटा उतरतात, एक वाघांब्याकडे आणि एक साल्हेरवाडीकडे. चुकलो तर मरण वगैरे नाही पण गाडी एका गावात आणि आपण ओलेचिंब दुसऱ्या गावात, आणि तिथून वाघांब्याला यायला त्या पावसात जीप कोण देणार. यंत्रात आल्या वाटेची रेघ उमटलेली असते, 'ट्रॅक' म्हणतात त्याला, त्याच रेघेवरून उलटं चालायचं. नेमके तेव्हा सेल संपले. काढले, नवीन घातले, यंत्र चालू, रेघ आहे, बाण आहे, बाणाच्या दिशेने निघालो. पन्नासेक पावलं गेल्यावर बघतो तर आमचा ठिपका रेघेपासून लांब लांब चाललाय. बाण एक म्हणतोय आणि ठिपका दुसरंच.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे आणि सेल बदलले की ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलेलं पण आहे, घरी पंख्याखाली. जुळवायचं म्हणजे यंत्र हातात धरून आडवं, उभं, तिरकं असं तिन्ही अंगांनी सावकाश गोल फिरवायचं. मग काय, धुक्यात, पावसात, कड्यापासून आत उभा राहून मी अंगात आल्यासारखा गिरक्या घेतोय आणि तिघं छत्री धरून उभे. एकाने हात पण जोडले. पण जुळलं. बाण वळून बरोबर उलट्या दिशेला गेला, म्हणजे आम्ही साल्हेरवाडीच्या बाजूला चाललो होतो. तिथून पुढे रेघेवर रेघ ठेवत तलाव, गुहा, दरवाजा, पायऱ्या, खिंड. गाडीपाशी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. चहावाल्या काकांनी भजी तळली आमच्यासाठी, ती काय लागली म्हणून सांगू.

एक मात्र लक्षात ठेवा. मोकळ्या आकाशाखाली हे यंत्र तीन ते पाच मीटर चुकतं, स्क्रीनवर तसा आकडाच दाखवतं. पूर्वी तर अमेरिका सर्वसामान्यांसाठी सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची आणि शंभर मीटरपर्यंत चूक यायची, ते त्यांनी मे २००० मध्ये बंद केलं, त्या मानाने आताचं म्हणजे चैन. पण पाच मीटर गंगापूर रोडवर काहीच नाहीत, साल्हेरच्या कड्यावर पाच मीटर म्हणजे वाट आणि हवा यातला फरक आहे. धुक्यात स्क्रीन बघत चालायचं नाही. थांबायचं, बघायचं, मग पायाखाली बघत दहा पावलं, परत थांबायचं. आम्ही एकाला फक्त यंत्र दिलं आणि पुढचा माणूस काठीने चाचपत, असं उतरलो.

अजून एक सेटिंग आहे ज्याने मी अंजनेरीवर हसं करून घेतलं होतं. यंत्र 'गाडी'वर सेट होतं. देवीच्या देवळापासून वर निघालो तर ते म्हणतंय मागे फिरा, खाली उतरा, त्र्यंबक रस्त्याला लागा. ट्रेकला जाताना रूटिंग, म्हणजे वाट कशी दाखवायची ते, 'थेट' किंवा पायी करून ठेवायचं, नाहीतर ते तुम्हाला डांबरावर नेल्याशिवाय राहणार नाही.

उंचीबद्दल. यात हवेच्या दाबावर उंची सांगणारं बॅरोमीटर आहे आणि ते चढाईत खरंच छान काम करतं, साल्हेरच्या माथ्यावर १५५८ दाखवलं, म्हणजे फक्त नऊ मीटर कमी. पण हवा बदलली की दाब बदलतो आणि त्याला वाटतं आपण चढलो किंवा उतरलो. एकदा रात्री टेबलावर चालू राहिलं तर सकाळी आमचं इंदिरानगरचं घर २५ मीटर वर गेलेलं. निघताना माहीत असलेल्या उंचीच्या ठिकाणी आकडा टाकून घ्यायचा, एवढं केलं की दिवसभर पुरतं.

बॅटरी हे मात्र या यंत्राचं खरं सोनं. कंपनी २५ तास म्हणते, मला लाईट कमी ठेवून अठरा-वीस मिळतात, चार्जिंगच्या सेलवर. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडायचा, निकेलवाले चार्जिंगचे असतील तर तसं सांगायचं, नाहीतर ते अर्धवट असतानाच संपले म्हणून बोंब मारतं. आणि चार्जिंगचे संपले तरी पेन्सिल सेल ताहाराबादच्या टपरीवरही मिळतात. आत बसवलेली बॅटरीवाली मॉडेलं दिसायला भारी आहेत पण ती डोंगरात संपली की पॉवर बँक शोधा, ती भिजू नये म्हणून पिशवी शोधा, सगळं आलं.

पाण्याचं रेटिंग आयपीएक्स ७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. भंडारदऱ्याला बॅकवॉटरच्या कडेला हातातून निसटून गेलं होतं, गुडघाभर पाण्यात, काढलं, पुसलं, चालू. फक्त केबलच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं पाहिजे. स्क्रीन भर उन्हात झकास दिसते, फोनपेक्षा कितीतरी चांगली, उलट झाडीत आणि संध्याकाळी मळकट दिसते. रंग बघून पोरं नाक मुरडतात. माझी मुलगी म्हणते बाबांचा व्हिडिओ गेम.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. मागची क्लिप सात महिन्यांत तुटली. ज्यांच्याकडून ऑनलाईन घेतलं ते म्हणाले कंपनीशी बोला, कंपनीचा फोन म्हणाला विकणाऱ्याशी बोला, नाशिकमध्ये सेंटर नाही, कुरिअरने पाठवा आणि कुरिअरचा खर्च तुमचा. तीनशे रुपयांच्या क्लिपसाठी. शेवटी शालिमारला एका चांभारदादांनी चामड्याचं घर शिवून दिलं, पट्ट्यात अडकवायला लूप, वर बटण. कंपनीच्या क्लिपपेक्षा सरस.

घेणाऱ्यांना अजून एक महत्त्वाचं. याच दिसण्याची काही मॉडेलं आहेत ज्यातून सॅटेलाईटवरून मेसेज किंवा एसओएस पाठवता येतो. अमेरिकेतला भाऊ येताना आणतोय म्हणून खूश होऊ नका, परवानगीशिवाय तसलं यंत्र बाळगणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही आणि विमानतळावर अडकलेल्या परदेशी पाहुण्यांच्या बातम्या येऊन गेल्यात. नुसतं ऐकणारं, म्हणजे फक्त जागा दाखवणारं जीपीएस वेगळं. डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. आणि नवीन घेत असाल तर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ या दुसऱ्या सॅटेलाईट यंत्रणा पकडतं का बघा, आपल्या इस्रोचं नाविक पकडत असेल तर उत्तम, माझं पकडत नाही.

कोणी घ्यावं? रविवारी रामशेज, पांडवलेणी, फार तर ब्रह्मगिरी करणाऱ्याने अजिबात नको, फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, झालं, २२ हजारांत चांगले बूट आणि रेनकोट येऊन वर हॉटेलात जेवण होईल. पण तुम्ही पावसात बागलाणात जाता, अलंग-मदन-कुलंगच्या बाजूला मुक्काम करता, चार लोकांची जबाबदारी तुमच्यावर असते, तर घ्या, आणि घेतल्यावर दोन महिने आधी घराजवळ वापरून सगळी बटणं बोटांना पाठ करा. माझ्यासारखं वर जाऊन शिकू नका.

मेव्हणा आता दर पंधरा दिवसांनी मागून नेतो, बोगद्यातला टोमणा विसरला तो. तुमच्यापैकी कोणाला घ्यायच्या आधी हातात धरून बघायचं असेल तर नाशिकमध्ये असाल तेव्हा सांगा, आठवडाभर देईन. सेल मात्र तुमचे.